‘आमचा आहार साधाच’ : राशिविचारातून पाहता

रत्नागिरी परिसरात प्रमेहाच्या किंवा उच्च रक्तदाबाच्या रुग्णास आहाराविषयी विचारले असता बहुधा ठरलेले उत्तर मिळते : ‘आमचं जेवण साधंच. भात-आमटी, नाहीतर माशाचं कालवण. बाहेरचं काही नाही.’ हे उत्तर असत्य नसते, अपुरे असते. रुग्ण पदार्थांची नावे सांगतो, मात्रा सांगत नाही. घरचे ते पथ्यकर आणि बाहेरचे ते अपथ्यकर, अशी त्याची सोपी विभागणी असते.

हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतील ९,७०० हून अधिक प्रौढांचा आहार व त्यांचे स्वतःचे मत यांची तुलना २०२२ मध्ये सादर झाली. सुमारे ८५ टक्के लोकांचे अनुमान चुकले होते आणि त्यांतील जवळजवळ सर्वांनी आपला आहार होता त्याहून चांगला मानला होता.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराची जी आठ आयतने सांगितली, त्यांत ‘राशी’चे दोन भेद आहेत. संपूर्ण आहाराचे एकत्रित प्रमाण तो सर्वग्रह. एकेका द्रव्याचे स्वतंत्र प्रमाण तो परिग्रह. पोट हलके राहिले की रुग्ण सर्वग्रहावरून समाधान मानतो. परिग्रहाचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही. दिवसाचे चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ३० ग्रॅमहून अधिक शर्करा होते. पण चहा हा ‘आहार’ म्हणून सांगितलाच जात नाही.

आपल्या किनारपट्टीवर हे लवणाबाबत विशेष घडते. ‘मीठ कमीच खातो’ याचा अर्थ पानात वरून घेत नाही, एवढाच असतो. सकाळच्या पेजेबरोबर लोणचे, पावसाळ्यात ताजी मासळी नसता खारा बांगडा, सोलकढीत मिठात मुरवलेले आगळ, जोडीला पापड : यांतील मीठ कोण मोजतो? जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा आहे. पिप्पली व क्षार यांच्यासमवेत लवणाचा अतिवापर टाळावा, अन्यथा ग्लानी, शैथिल्य व दौर्बल्य येते, असे त्याच अध्यायात सांगितले आहे.

औषधविक्रेत्या बंधूंचा येथे निकटचा संबंध येतो. रक्तदाबाचा रुग्ण ‘गॅससाठी’ भास्करलवण चूर्ण परस्पर नेतो. त्याच्या पाठात सामुद्र, सौवर्चल, बिड व सैंधव ही लवणे आहेत, हे त्याच्या ध्यानी नसते. मधुमेही च्यवनप्राश ‘शक्तीसाठी’ घेतो, त्यातील साखर औषधाच्या खाती जाते. अमृत कोकमाचेही तेच. बाटली देताना ‘रक्तदाब किंवा साखर आहे का?’ एवढे विचारणे कठीण नाही.

प्रश्न कसा विचारावा, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. ‘मीठ जास्त खाता का?’ यास उत्तर नकारार्थीच येणार. त्याऐवजी घरात महिन्याला मीठ किती लागते आणि जेवणारी माणसे किती, हे विचारावे. तेही शक्यतो स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस. चार माणसांस महिन्याला एक किलो लागत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे ८ ग्रॅम होते. मासळी धुण्यात थोडे जाते हे खरे, पण विकतचे पापड, खारवलेली मासळी व बिस्किटे यांतील मीठ या हिशेबात आलेलेच नाही.

आकडा पाहून रुग्ण दचकतो आणि सर्व एकदम सोडू म्हणतो. तसे करवू नये. सात्म्य झालेले द्रव्य क्रमानेच कमी करावे, असे चरकाचे सांगणे आहे. प्रथम पेजेवरचे लोणचे दिवसाआड करावे, खारी मासळी अधिक वेळ भिजवून पाणी टाकून द्यावे, आणि पुढील भेटीस मिठाच्या पुडीचाच हिशेब पुन्हा विचारावा.