नावं ठेवायची आणि पुन्हा खेळायचं!

१९९०च्या दशकात संगणकाच्या क्लासला गेलेल्या पिढीला ‘प्रिन्स’ कोण, हे सांगावं लागत नाही. डॉसच्या काळ्या पडद्यावर दोन शब्द टाइप करायचे, की पांढऱ्या कपड्यातला एक तरुण तळघरात उतरायचा. जमिनीतून अचानक सुळे वर यायचे, पायाखालची फरशी निखळायची. राजकन्येपर्यंत पोहोचायला मुदत बरोबर साठ मिनिटांची. ‘प्रिन्स मेगाहिट’ असं टाइप केलं की खेळातल्या चोरवाटा उघडतात, हे एखाद्याने शोधून काढलेलं असे आणि मग क्लासमध्ये त्याचा भाव वधारत असे.

ती मुलं आता पंचेचाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांतले काही जण ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या मालिकेचा अजूनही पिच्छा पुरवतात. मालिका कशी चालली आहे, असं त्यांना विचारून पाहा. ‘आता त्यात काही राम राहिला नाही’, ‘कंपनीला फक्त पैसा कळतो’, ‘नवा भागही बंडलच असणार’, अशी सरबत्ती ऐकावी लागेल. तरीही नव्या भागाची झलक आली की पहिल्या तासाभरात ती पाहणारे हेच. विकत घेणारेही बहुतेक वेळा हेच. घरातल्यांना प्रश्न पडतो, की इतकं वाईट आहे तर सोडून का देत नाही? हे व्यसन तर नव्हे? सवय, निष्ठा आणि व्यसन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की घरात विनाकारण वाद होतात, आणि कधी खऱ्या आजाराकडेही दुर्लक्ष होतं. म्हणून या प्रश्नाकडे जरा नीट पाहायला हवं.

चाहत्यांच्या तक्रारी खोट्या नाहीत. जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने १९८९ मध्ये अ‍ॅपल टू संगणकासाठी पहिला ‘प्रिन्स’ केला. धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याने त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल रेखाटली. म्हणून तो प्रिन्स काठावर पोहोचला की माणसासारखा तोल सावरतो. संगीत वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. ते पेशाने मानसशास्त्रज्ञ! १९९३ मध्ये दुसरा भाग आला. १९९९ मधली त्रिमितीय आवृत्ती मात्र तांत्रिक दोषांनी भरलेली निघाली आणि आपटली. मग २००३ मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने ‘सँड्स ऑफ टाइम’ आणला. चूक झाली की वेळ मागे फिरवण्याची त्यातली युक्ती खेळणाऱ्यांना इतकी भावली, की पुढचा प्रत्येक भाग त्याच्याच पट्टीने मोजला गेला. लगेच पुढच्या वर्षीचा भाग रक्तबंबाळ आणि कर्कश झाला. त्याचं हे रूप आणि हिंसा आपल्याला आवडली नाही, असं खुद्द मेकनरने जाहीरपणे सांगितलं होतं. २००८ मध्ये मालिकेचा नव्याने आरंभ झाला, तर त्यात प्रिन्स मरतच नाही अशी तक्रार झाली. दरीत पडला की एलिका नावाची सोबतीण त्याला हात देऊन वर काढते. २०१० नंतर पुढचा मोठा नवा भाग यायला चौदा वर्षं लागली.

इतक्यांदा हिरमोड होऊनही माणूस टिकून का राहतो, याचं तोंडावर असणारं उत्तर ‘बुडीत खर्चाचा सापळा’ हे असतं. एखाद्या गोष्टीत पैसा आणि वेळ घातला की तो वाया जाऊ नये म्हणून आपण आणखी घालत राहतो. याचा एक गाजलेला प्रयोग हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लुमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाचं तिकीट घ्यायला आलेल्या साठ जणांना चिठ्ठी टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं. काहींनी पूर्ण पंधरा डॉलर दिले, काहींना दोन डॉलरची आणि काहींना सात डॉलरची सवलत मिळाली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे मोजलेले लोक अधिक नाटकांना गेले. पैसे दिलेत तर पाहिलंच पाहिजे, हा हिशेब आपल्याला नवा नाही. पोट भरलं तरी बुफेत दुसऱ्यांदा ताट वाढून घेणारे आपणच.

या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. हंगामाच्या उत्तरार्धात गटांमधला हा फरक उरला नव्हता. बुडालेल्या पैशाची टोचणी काही महिन्यांत बोथट होते. महागड्या खेळाचे पहिले वीस तास कंटाळत का रेटले, हे तिच्यावरून कळेल. तीस वर्षं एखाद्याने मालिका का सोडली नाही, हे तिच्यावरून कळत नाही. मला तरी ‘सापळा’ हा शब्द इथे अपुरा वाटतो.

त्यासाठी स्मरणरंजनाकडे वळावं लागतं. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्दच मुळात एका रोगाचं नाव म्हणून जन्मला. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझल इथल्या आपल्या प्रबंधात घरापासून दूर असलेल्यांच्या झुरणीला हे नाव दिलं. पुढची दोनेकशे वर्षं वैद्यकात त्याकडे दुखणं म्हणूनच पाहिलं गेलं. आज चित्र उलटं आहे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचे कॉन्स्टंटिन सेडिकिडीस, टिम वाइल्डशुट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दोन दशकांत दाखवून दिलं आहे, की गोड-आंबट आठवणींत रमल्यावर एकटेपणाची भावना कमी होते. ‘तेव्हाचा मी आणि आजचा मी एकच’ हा धागाही पक्का होतो. आयुष्यातल्या साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात जास्त संख्येने आणि जास्त ठळकपणे वर येतात, हेही स्मृतीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. नोकरी बदलली, गाव सुटलं, केस पांढरे झाले. पण कळफलकावरची बोटं त्या उडीची वेळ विसरलेली नाहीत. चाहता नव्या भागात त्या बोटांचा मालक शोधत असतो. कंपनीशी त्याचं देणंघेणं त्यामानाने कमी असतं.

मग हा तिखट, सिनिकल सूर कशासाठी? दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे तर झालंच. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ‘बचावात्मक निराशावाद’ मांडला. काही माणसं अपेक्षा मुद्दाम खाली ठेवतात. वाईटात वाईट काय होईल याची मनात उजळणी करतात आणि त्यातूनच त्यांची धास्ती आटोक्यात राहते. अशांना ‘चांगलाच विचार कर’ म्हणून धीर दिला तर उलट त्यांची कामगिरी घसरते, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. हा अभ्यास परीक्षेसारख्या प्रसंगांचा होता, खेळांच्या चाहत्यांचा नव्हे. पण ‘बंडलच असणार’ म्हणत पहिल्या दिवशी रांगेत उभा राहणारा माणूस त्यात चपखल बसतो.

मेंदूच्या पातळीवरही याला एक जोड आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींवर केलेलं संशोधन प्रसिद्ध आहे. फळाचा रस अनपेक्षितपणे मिळाला की या पेशी जोरात चेततात. ठरल्याप्रमाणे मिळाला तर विशेष काही होत नाही. मिळणार म्हणून वाट पाहिली आणि मिळालाच नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही मंदावते. म्हणजे या पेशी अपेक्षा आणि वास्तव यांच्यातला फरक टिपतात. माकडाच्या रसावरून माणसाच्या निष्ठेवर एकदम उडी मारणं बरं नव्हे. तरी विसाव्या वर्षी डोक्यावर घेतलेल्या खेळाचा पुढचा भाग तितकाच चांगला असूनही फिका का वाटतो, याचा अंदाज त्यातून येतो.

अपेक्षा खाली ठेवण्याला किंमतही असते. जून २०२३ मध्ये मालिकेच्या ‘द लॉस्ट क्राउन’ या भागाची झलक आली. तिच्यातलं रॅप संगीत आणि कार्टूनसारखी चित्रशैली पाहून जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. जानेवारी २०२४ मध्ये खेळ हाती आला तेव्हा समीक्षकांनी त्याचं मनापासून कौतुक केलं. त्यात संवाद चक्क फारसीत ऐकण्याची सोय होती. पर्शियाच्या राजपुत्राला त्याची भाषा पस्तीस वर्षांनी मिळाली! पण विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि त्याच वर्षी तो घडवणारा चमू मोडून त्यातल्या लोकांना इतर कामांवर पाठवण्यात आलं. याचं खापर चाहत्यांच्या अविश्वासावर फोडता येणार नाही, विक्रीची कारणं अनेक असतात. तरी ‘आता चांगलं काही येणारच नाही’ म्हणत बसलेल्या कित्येकांच्या हातून मालिकेतल्या सर्वोत्तम भागांपैकी एक निसटला, एवढं खरं.

या रोषाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. सप्टेंबर २०२० मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या अवताराची घोषणा झाली. काम होतं युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई इथल्या स्टुडिओंकडे आणि खेळ जानेवारी २०२१ मध्ये येणार होता. झलक पाहून जगभरातून टीकेची झोड उठली. तारीख आधी मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे सोपवण्यात आलं. चित्रं जुनाट दिसतात, ही टीका गैर नव्हती. पण टीकेचा सूर पाहता पाहता ‘यांना काय जमणार’ इथवर गेला. चाहत्याचा राग कंपनीच्या निर्णयावर असतो, आणि तो बहुतेक वेळा जाऊन आदळतो तो पडद्यामागे महिनोन् महिने काम करणाऱ्या कुणा चित्रकारावर, कुणा प्रोग्रॅमरवर.

रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांत केलेलं निरीक्षण इथे आठवतं. फुटबॉलचा संघ शनिवारी जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढायचे. सामन्याबद्दल विचारलं तर जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’, हरल्यावर ‘ते हरले’! क्रिकेटच्या बाबतीत आपण हे रोज ऐकतो. मालिकेचा भाग उत्तम निघाला की ‘आपला प्रिन्स’. फसला की ‘त्यांनी वाट लावली’. नावं ठेवणं हा या नात्यातलाच एक भाग आहे. ज्याच्याशी काही संबंध उरला नाही, त्याच्यावर कुणी दोन तास तावातावाने बोलत नाही.

आता प्रकृतीचा प्रश्न. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये ३८,९३५ खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळण्याचे तास लोकांच्या सांगण्यावर न सोडता त्यांनी ते कंपन्यांकडूनच मिळवले. अभ्यासातल्या सात खेळांपैकी ‘ग्रॅन टुरिस्मो’ आणि ‘फोर्झा’ हे तर जुन्या, लांबलेल्या मालिकांतलेच. सहा आठवड्यांच्या काळात खेळण्याचे तास वाढले-घटले म्हणून मन:स्वास्थ्यात दखल घ्यावी इतका फरक पडलेला दिसला नाही. फरक दिसला तो प्रेरणेचा. मजा येते, स्वत:ला हवंय म्हणून खेळणाऱ्यांचं मन:स्वास्थ्य बरं होतं. आतून किंवा बाहेरून रेटा आहे म्हणून खेळणाऱ्यांचं खालावलेलं होतं. अभ्यास थोड्या काळाचा आहे, त्यावरून सगळ्यांना सरसकट निर्धास्त करता येणार नाही. तरी घरच्यांनी घड्याळाकडे बोट दाखवण्यापेक्षा ‘मजा येतेय का?’ असं विचारणं जास्त कामाचं आहे, असं मला वाटतं. आणि ‘नाही, पण संपवायला तर पाहिजे’ असं उत्तर आलं, तर खेळ तिथेच बंद करायला काही हरकत नाही. त्या नाट्यगृहातल्या प्रेक्षकांप्रमाणे बुडालेल्या पैशांची टोचणी काही महिन्यांत जाते. नवा भाग येण्याआधीच पैसे भरून ठेवण्याच्या योजना याच टोचणीवर चालतात. दोन-तीन आठवडे थांबून, खेळलेल्यांचं ऐकून घेतलेला खेळ तितकाच नवा असतो.

आजाराची व्याख्या याहून बरीच कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश झाला आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, रोजची कामं आणि इतर आवडींपेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं ही त्याची लक्षणं. त्यामुळे घर, शिक्षण किंवा नोकरीत ठळक बिघाड झालेला असावा लागतो आणि सर्वसाधारणपणे हे बारा महिने चाललेलं असावं लागतं. झोप, जेवण, पगार आणि माणसं यांपैकी काही सुटू लागलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर सरकारी समुपदेशन मोफत मिळतं. दर तीन-चार वर्षांनी नवा भाग घेऊन, महिनाभर त्याला शिव्या घालत रात्री तासभर खेळणारा माणूस या व्याख्येत बसत नाही.

असे लोक पहिल्या ‘प्रिन्स’लाही सोडायला तयार नाहीत. त्या मूळ खेळाची सांकेतिक आज्ञावली बरीच वर्षं हरवल्यात जमा होती. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉपींचा एक खोका सापडला आणि त्यांनी तो मुलाकडे पाठवला. दोनेक दशकं पडून राहिलेल्या त्या चकत्यांवरची माहिती जाणकारांनी वाचून काढली आणि मेकनरने ती सगळ्यांसाठी खुली केली. हौशी मंडळी त्या जुन्या खेळाचे नवनवे तळघर आजही रचतात, एकमेकांना खेळायला देतात आणि अर्थातच एकमेकांच्या तळघरांत खोडी काढतात.