श्रमाचे मोल वेळेवर

घरी राहून भाषांतर, चित्रांकन, हिशेबलेखन वा संकेतस्थळनिर्मिती करणारे तरुण-तरुणी आज अनेक कुटुंबांत दिसतात. नोकरदाराला पगाराची तारीख ठाऊक असते; स्वतंत्र व्यावसायिकाच्या वाट्याला पुष्कळदा ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ एवढेच उत्तर येते.

कायदा मात्र त्याच्या पाठीशी आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु सेवापुरवठादाराचे देयक, लेखी करार नसल्यास काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य असून ती काम स्वीकारण्यापूर्वीच करणे श्रेयस्कर.

तथापि तक्रारीची वेळच येऊ नये, हे उत्तम. त्यासाठी कामाची व्याप्ती, मोबदला व मुदत लेखी ठरवावी. काही रक्कम आगाऊ घ्यावी, मोठ्या कामाची देयके टप्प्याटप्प्याने द्यावीत आणि अंतिम प्रत शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच सुपूर्द करावी.

आपल्या समाजात व्यापारी पुष्कळ. म्हणजे काम करवून घेणारेही आपणच. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’, अर्थात खोटी वजनमापे वापरणे, गणले आहे. काम पुरेपूर मोजून घ्यावे आणि दाम मात्र महिनोन्महिने अडवून धरावे, हेही खोटे मापच नव्हे काय?