कुर्ल्याची लेक नेरुळला येते

“ट्रकवर घालून आणा. चार पैसे जास्त जातील, पण भर रस्त्यात हसे तर होणार नाही!”

हा सल्ला आम्हांला नेरुळच्या आमच्या सोसायटीतल्या निदान सात जणांनी दिला. त्या सातांपैकी एकानेही आयुष्यात गाडीचे बॉनेट स्वतःच्या हाताने उघडलेले नव्हते, ही गोष्ट अलाहिदा. कोल्हापुरात आम्ही १९७९ सालची एक प्रीमियर पद्मिनी विकत घेतली होती आणि ती नवी मुंबईला आणायची कशी, हा प्रश्न होता. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर. गाडी सहा वर्षे शेडमध्ये उभी. आणि “मी बरोबर येणार” असा हट्ट धरून बसलेले आमचे वडील, अण्णा, वय वर्षे ८२.

हा हट्ट समजायचा तर थोडे मागे जायला हवे. १९४४ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ मध्ये तिची ‘डिलाईट’ झाली, मग ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीचे नाव घेऊन ती ‘पद्मिनी’ झाली. कागदोपत्री नावे बदलत गेली, मुंबईकराच्या तोंडी मात्र ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. अण्णा त्या कारखान्यात १९६५ साली, बाविसाव्या वर्षी लागले. त्यांचे काम गाडीला दारे बसवण्याचे. “दार लागताना एकच आवाज यायला पाहिजे. ठप्प! दोन आवाज आले की बिजागरी चुकली,” हे वाक्य आम्ही लहानपणी पाढ्यांच्या बरोबरीने ऐकले आहे. आमच्या घरी कपाटाचे दारसुद्धा त्यांच्या समोर जपून लावावे लागे.

स्वतः अण्णांनी गाडी कधी घेतली नाही. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे हे खरे, पण आमच्या घरात नंबर लावण्याइतकेही पैसे नव्हते हे त्याहून खरे. नेरुळला सिडकोचे घर मिळाल्यावर अण्णा बसने खाडीपूल ओलांडून कुर्ल्याला जात. १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली, तेव्हा ते लोकलने जाऊ लागले. हजारो लोकांच्या गाड्यांना दारे बसवून माणूस घरी यायचा तो लटकत!

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरची पद्मिनी टॅक्सी संपली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरातली, म्हणून तो दिवस. बातमी वाचून अण्णा दिवसभर काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढेच म्हणाले, “एखादी पाहायला मिळेल का रे कुठे?”

पाहायला मिळेल म्हणता म्हणता घेण्यापर्यंत मजल गेली, त्याला सव्वा वर्ष लागले. कोल्हापूरच्या एका निवृत्त डॉक्टरांची ही गाडी. २०२५ च्या जानेवारीत आम्ही ती ताब्यात घ्यायला गेलो, तेव्हा ती उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे होती. ज्यांनी कोल्हापूरचे उद्यमनगर पाहिले नसेल त्यांना सांगतो, तिथे ओतकामापासून लेथपर्यंत सगळे शेजारी-शेजारी चालते. न मिळणारा भाग शोधत बसण्यापेक्षा करून घेणे तिथे सोपे. मिस्त्रींनी ब्रेकचे सिलिंडर नवे केले होते, टायर बदलले होते, पेट्रोलच्या साऱ्या रबरी नळ्या काढून टाकल्या होत्या. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर पिठासारखे होते, म्हणाले.

“सगळं झालंय साहेब, पण टाकीची ग्वाही मी देनार न्हाई. सा वर्सं गाडी उभी हाय. आत गंज असनार. हे दोन फिल्टर जवळ ठेवा.”

अण्णा गाडीभोवती एकदा फिरले. बॉनेटकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. चारही दारे उघडून लावली आणि म्हणाले, “तीन दारं आमची आहेत. हे मागचं डावं नंतर कुणीतरी काढून बसवलंय.” मिस्त्री आमच्याकडे बघू लागले. मग डॉक्टरांना फोन केला, तेव्हा कळले की १९९१ साली एका रिक्षाने त्या बाजूला ठोकले होते.

कागदपत्रांचे पुराण मी लावत नाही. ना-हरकत दाखला, विमा, धुराचा दाखला हे सारे होतेच. एक गंमत मात्र सांगतो. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षे पूर्ण झालेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरू शकते आणि तिला वेगळी नंबरपाटी मिळते. पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. आमची शेहेचाळीस वर्षांची. म्हणजे मान मिळण्याइतकी म्हातारी नाही आणि दर पाच वर्षांनी तपासणी चुकण्याइतकी तरुणही नाही. सरकारी नोकरीत असे वय पुष्कळांचे असते.

पहाटे निघालो. पंचगंगेवर धुके होते. गिअरची दांडी स्टिअरिंगला, चारच गिअर, १०८९ सी. सी. चे इंजिन. ताशी पंचावन्नच्या वर जायचे नाही असा अण्णांचा हुकूम. महामार्गाच्या सहापदरीकरणाचे काम चालू असल्याने जागोजाग वळणरस्ते. तिथे नव्या गाड्यांचे आणि आमचे दुःख सारखेच. किणीच्या टोलनाक्यावर आमची गाडी पाहून खिडकीतला पोरगा चक्क उठून उभा राहिला. फास्टॅगची पट्टी काचेवर चिकटवण्यावरून अण्णांशी आदल्या रात्री वाद झालेला. ती यंत्राने झटकन वाचली, तेव्हा ते मनातून खूष झाले असावेत.

तासवड्याचा नाका ओलांडला आणि उंब्रजच्या अलीकडे इंजिनाने एक उचकी दिली. मग दुसरी. मग गाडी गप्प झाली. रस्त्याकडेला उभी केली. पोटात गोळा आला. मागून भरधाव ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकागणिक गाडी हलत होती. सोसायटीतले सातही जण आम्हांला डोळ्यांपुढे दिसू लागले.

अशा वेळी आठवावी ती जर्मनीतली बर्था बेंझ. मोटारीचा जनक कार्ल बेंझ याची ही बायको. १८८८ च्या ऑगस्टमध्ये, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ती त्याची तीनचाकी मोटार मानहाइमहून शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या फोर्त्सहाइमला, माहेरी घेऊन गेली. इंधन मिळाले ते औषधाच्या दुकानात. ब्रेकला चामडे बसवून दिले ते चांभाराने. आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हा बाईने टोपीची टाचणी काढून ती मोकळी केली! मोटारीतून लांबचा प्रवास करता येतो हे जगाला कळले ते या बाईमुळे.

ही गोष्ट मी अण्णांना मोठ्या ऐटीत सांगितली आणि टाचणी शोधू लागलो. ते उसळून म्हणाले, “टाचणी? जेटमध्ये टाचणी घालायची नाही! भोक मोठं होतं, मग जन्मभर पेट्रोल पिते गाडी. फिल्टर बघ आधी.”

फिल्टर पाहिला. आत विटकरी रंगाचा गाळ. मिस्त्रींची टाकी! अण्णांचे हात आता थरथरतात, त्यामुळे ते सांगत होते आणि मी करत होतो. फिल्टर बदलला. कार्ब्युरेटरचा जेट काढला, तो अण्णांनी ओठांशी धरून फुंकला, उन्हाकडे धरून पाहिला, पुन्हा फुंकला. त्यांच्या मिशीला पेट्रोल लागले. पाऊण तासाने गाडी सुरू झाली, तेव्हा शेजारच्या उसाच्या फडातून तमाशा पाहायला आलेल्या चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. एकाने आम्हांला ऊस दिला. तो पुढे साताऱ्यापर्यंत अण्णांच्या हातात होता.

खंबाटकीला त्या दिवशी आम्ही बोगद्यातूनच आलो. साताऱ्याकडून येणाऱ्यांना घाट चढावा लागत नव्हता, हे आमचे नशीब. शिरवळला चहा, आणि रात्री पुण्यात आत्याकडे मुक्काम. आत्याने भावाला पाहून गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

दुसऱ्या दिवशी बोरघाट. इथे जे झाले ते लिहिताना मला लाज वाटते, पण लिहितो. खंडाळ्यानंतर काही अंतर द्रुतगती मार्ग आणि जुना रस्ता एकत्र चालतात. जिथे १८३० सालचा अमृतांजन पूल होता (तो २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला), त्या भागातून पुढे आम्ही खोपोलीकडे उतरणारा जुना रस्ता धरला. उतार तीव्र. मागे एक टेम्पो सारखा भोंगा वाजवत होता. मी बिचकलो आणि दुसऱ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये, पायाखाली ब्रेक दाबत उतरू लागलो. या गाडीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. ते सतत दाबले की तापतात आणि तापले की पकड सोडतात. एका वळणाच्या तोंडाशी ब्रेकचा पाय मऊ लागला. पुन्हा दाबला. तळाशी गेला. उजवीकडे दरी.

“पाय उचल,” अण्णा म्हणाले. आवाज मुळीच चढला नव्हता. “आता दोनदा दाब. हं. दुसरा टाक.”

गिअर कर्रकन पडला, इंजिन ओरडले आणि गाडी जणू कुणी शेपटी धरल्यासारखी मंदावली. पहिल्यावर आणून, हँडब्रेक ओढत, शिंग्रोबाच्या देवळापाशी ती बाजूला घेतली. गोऱ्या साहेबाला घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराचे हे देऊळ. येणारे-जाणारे ड्रायव्हर इथे नाणे टाकतात. मी दहाची नोट टाकली. चाकांतून जळका वास येत होता. ड्रम निवेपर्यंत अर्धा तास आम्ही पायरीवर बसून राहिलो.

“वास खंडाळा सोडल्यापासून येत होता,” अण्णा म्हणाले. “म्हटलं, तुला कधी येतोय बघू. तुझं नाक चोंदलंय का?”

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात थरथरत होता. तो नेहमीसारखा की जास्त, हे मला कळले नाही.

खाली मग दुसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने उतरलो. टेम्पोवाल्यांनी काय म्हणायचे ते म्हटले. खोपोली, पनवेल, आणि दिवेलागणीच्या सुमारास नेरुळ. सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनने स्टिकर नाही म्हणून अडवले. हिने गॅलरीतून हाका मारल्या तेव्हा कुठे फाटक उघडले.

फाटकाच्या आत आल्यावर अण्णा म्हणाले, “उतर तू.” त्यांचा परवाना संपून वर्षे लोटली. कारखान्यात तयार गाडी लाइनवरून मैदानात नेऊन लावायची, एवढेच काय ते त्यांचे ड्रायव्हिंग. मी उतरलो. पन्नास-साठ फूट अंतर, वाटेत मुलांचा क्रिकेटचा डाव. मुले बाजूला झाली. अण्णांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू नेली, खांबापासून हातभर अंतर ठेवून लावली, खाली उतरले, दार लावले. ठप्प.

मग वळसा घालून मागच्या डाव्या दारापाशी गेले. ते उघडून लावले, पुन्हा उघडून लावले.

“दोन आवाज येतात,” ते म्हणाले. “सकाळी मला मोठा स्क्रूड्रायव्हर दे. आणि लाकडाची एक ठोकळी बघून ठेव, दाराखाली टेकू द्यायला.”