शेवटची कुस्ती

यवतमाळच्या हनुमान आखाडा चौकावरून शाळेत जाताना आम्हा पोरांना एकच नाद होता. आत जोर मारणाऱ्यांत सगळ्यात जाड कोण, हे दारातून वाकून बघायचं. कोण किती डाव जाणतो, याच्याशी आम्हाला कर्तव्य नव्हतं. आमच्यासाठी पहेलवान म्हणजे ज्याची मान आणि डोकं एकाच मापाचं. पुढे नागपंचमीच्या दंगली पाहिल्या, तेव्हा कळलं की मोठी माणसंही आमच्यासारखीच होती. दुपारभर पोरासोरांच्या जोड्या चालत आणि मंडळी पानाच्या टपरीवर गप्पा ठोकत. संध्याकाळी शेवटच्या कुस्तीचा पुकारा झाला की हौदाभोवती मुंगीला जागा नसे. शेवटची कुस्ती म्हणजे जड कुस्ती. दोन हत्ती. दहा मिनिटं मानेवर हात, खडाखडी आणि बहुतेक वेळा पंच बरोबरीत सोडवणार. तरी इनाम सगळ्यात मोठं त्यांनाच.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. एका पानावर महाराष्ट्र केसरीची यादी आहे, 1961 च्या दिनकर दह्यारींपासून आजपर्यंतची. समोरच्या पानावर भारताची कुस्तीतली ऑलिम्पिक पदकं आणि त्यांच्यापुढे वजनं. हे दुसरं पान फार छोटं आहे. खाशाबा जाधव 57 किलो. सुशील कुमार दोनदा, दोन्ही वेळा 66. योगेश्वर दत्त 60, साक्षी मलिक 58, रवी दहिया 57, बजरंग पुनिया 65, अमन सेहरावत 57. एकूण आठ पदकं, आणि त्यांत 66 किलोच्या वरचं एकही नाही. हेलसिंकीत खाशाबांच्या बरोबर गेलेले केशव मांगवे चौथे आले. त्यांचा गटही हलकाच.

म्हणजे ज्या कुस्तीसाठी गाव लोटतं, त्या कुस्तीनं ऑलिम्पिकातून आजवर काही आणलेलं नाही. गुण नव्हता म्हणावं, तर तसंही नाही. माझ्या वहीत एक पान 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचं आहे. ते उघडलं की दरवेळी चुटपुट लागते.

त्या स्पर्धेला आपल्याकडे लोक फुटबॉलच्या सुवर्णपदकासाठी ओळखतात. यजमान इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला बाहेर ठेवलं. भारताच्या गुरुदत्त सोंधींनी त्याला हरकत घेतली, तशी जकार्तात भारताविरुद्ध आग पेटली. जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला. आपला खेळाडू मैदानात उतरला की प्रेक्षक हुर्यो करत. त्या वातावरणात सांगली जिल्ह्यातले दोन गडी मॅटवर उभे होते. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने. माने 97 किलो गटात, आंदळकर त्याच्याही वरच्या, सगळ्यात जड गटात. दोघंही फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन अशा दोन्ही प्रकारांत लढले. मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण घेतलं आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. आंदळकरांचं नेमकं उलट: फ्रीस्टाइलमध्ये रौप्य, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण.

आंदळकरांच्या या सुवर्णापाशी मी नेहमी अडखळतो. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायाचा डाव करायचा नाही. म्हणजे पट गेला, टांग गेली, एकलंगी गेली, कलाजंग गेला. तालमीत मातीवर घोटून घेतलेली निम्मी विद्या दाराबाहेर ठेवून आत जायचं. उरतात मान, दंड, कंबर आणि छातीतला दम. ज्या प्रकाराला आपल्या तालमींनी कधी विचारलंच नाही, त्यात हा माणूस आशियात पहिला येतो! 1960 साली मुंबईत खडकसिंगला हरवून ते हिंदकेसरी झाले होते, ते सगळ्यांना पाठ आहे. कोल्हापुरात आजही त्या कुस्तीच्या गोष्टी रंगवून सांगतात. जकार्ताचं मात्र एका वाक्यात आटपतं. माझ्या मते मोजमाप उलटं व्हायला हवं होतं.

पुढची गोष्ट लांबवण्यासारखी नाही. 1964 साली आंदळकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते टोकियो ऑलिम्पिकला गेले आणि रिकाम्या हातानं परतले. माने त्याच साली हिंदकेसरी झाले. नंतर आंदळकर मोतीबाग तालमीचे वस्ताद झाले आणि त्यांनी पुढच्या पिढ्या घडवल्या. 1974 च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत दादू चौगुलेंनी जड गटात रौप्य आणलं. पण जड गटातला मराठी मल्ल ऑलिम्पिकच्या पदकापर्यंत पोहोचलाच नाही.

का? लोक म्हणतात मॅट नव्हती. खरं आहे, बारा मीटर चौरस मॅट गावोगाव कोण घालणार? पण हलक्या गटातल्या पोरांनाही तीच अडचण होती. मला वाटतं, खरा घोळ शेवटच्या कुस्तीत आहे. पोरगं अठराव्या वर्षी नव्वद किलोवर गेलं की त्याला मागणी येते. पाडव्यापासून पावसापर्यंत पश्चिम महाराष्ट्रात जत्रांचा हंगाम. बदाम, तूप, थंडाई, दूध हा खुराक घरच्या शेतीवर निघत नाही, तो इनामावर निघतो. आणि इनाम वजनाला आहे. मातीत पाठ टेकली तरच निकाल, गुणांचा हिशेब नाही. त्यामुळे जड गड्याला पडायचं नाही एवढं जमलं तरी हंगाम निघून जातो. मॅटवर घड्याळ चालू असतं. तिथं न पडणारा माणूसही गुणांवर हरतो.

महाराष्ट्र केसरीनंही हेच केलं. 86 किलोपासून पुढे सगळे एका दावणीला. ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइलला 86, 97 आणि 125 असे तीन वेगळे गट आहेत. इथं तिघांची एकच गदा. मग 97 चा मल्ल 97 वर कशाला थांबेल? तो खाऊन वाढतो आणि बाहेरच्या स्पर्धेत ना या गटाचा राहतो ना त्या. गदेनंतर नोकरी मिळाली की कारकीर्द सुफळ संपूर्ण. एकाच घरातून इस्माईल, अप्पालाल आणि मुन्नालाल शेख हे तिघे भाऊ 1980, 1992 आणि 2002 साली केसरी होतात. एका घरात एवढी ताकद आणि तिची शेवटची पायरी गदा!

या वजनाच्या भक्तीला सणसणीत उत्तर दिलं ते नरसिंग यादवनं. हा मूळचा 74 किलोचा गडी. त्यानं 2011, 2012 आणि 2013 अशी सलग तीन वर्षं गदा नेली, आणि तीही आपल्याहून थोराड मल्लांना लोळवून. 2015 ला लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन त्यानं रिओचा कोटाही मिळवला. मग सुशील कुमारशी न्यायालयात वाद, उत्तेजकाची चाचणी, कटाचा आरोप. अखेर 18 ऑगस्ट 2016 रोजी क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. त्याच्या कुस्तीला एक दिवस उरला होता.

मुष्टियुद्धातही आपल्या जडांची कथा वेगळी नाही. हरियाणाचे हवासिंग 1966 आणि 1970 अशी दोनदा आशियाई सुवर्णं जिंकले, ऑलिम्पिक मात्र त्यांच्या वाट्याला आलंच नाही. पंजाबचे कौरसिंग 1980 च्या जानेवारीत दिल्लीत प्रत्यक्ष मुहम्मद अलीसमोर प्रदर्शनी लढत खेळले, 1982 ला आशियात पहिले आले. म्हातारपणी ते आजारात आणि कर्जात बातमी झाले.

परत मातीकडे. जानेवारी 2023 ला पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड लढले. महेंद्रनं बाहेरची टांग मारली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदर धोकादायक स्थितीत गेला होता का, चार द्यायचे की दोन, यावर महाराष्ट्र आठवडाभर भांडला. मोबाइलवर तो तुकडा थांबवून थांबवून पाहिला गेला. आमच्या चौकातल्या टपरीवरही दोन तट पडले. मी गंमत बघत होतो. मातीच्या हौदात मॅटचे गुण मोजले जात होते आणि भांडणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ते गुण कसे देतात हे ठाऊक नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात संघटनांच्या भाऊबंदकीपायी दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावात सिकंदर, धाराशिवला शिवराज राक्षे. जानेवारीची गदाही राक्षेनंच नेली होती, म्हणून वहीत एका वर्षापुढे तीन नावं लिहावी लागली, त्यांतलं राक्षेचं दोनदा.

यंदा नागपंचमीला गावाकडच्या दंगलीला गेलो होतो. दुपारी पन्नास-पंचावन्न किलोच्या एका पोरानं पट काढून समोरच्याला असा उलटवला की हलगीवाल्याचा हात थबकला. चितपट. पोराला स्टीलचा डबा आणि शंभराची नोट मिळाली. शेजारचे काका घड्याळ बघत म्हणाले, "मोठी जोड कवा लागून राह्यली बावा? हे लहान लेकरायचंच चालू हाय अजून."

मी वही काढून त्या पोराला नाव आणि वजन विचारलं. नाव त्यानं सांगितलं. वजन त्याला माहीत नव्हतं.