गाडीची चावी आणि चाळीसगावचा टांगा

आमच्या कोळसेवाडीतल्या चाळीत गेल्या महिन्यात एका घरी मोटारसायकल आली. हप्त्यावर का होईना, पण त्या घराण्यातली ती पहिलीच गाडी. बाबासाहेबांच्या फोटोपुढे चावी ठेवली, मेणबत्ती लावली, चाळभर पेढे वाटले. वडील रंगकाम करतात, आई ठाण्याला एका इस्पितळात सफाईला जाते. दोघांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून कोणालाही बरे वाटले असते. मलाही वाटले. पण पेढा तोंडात असतानाच त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा चावी घेऊन खाली निघाला. आई म्हणाली, "जाऊ द्या हो भाऊजी, नाक्यापर्यंतच जातोय."

मी म्हणालो, "वहिनी, त्याला अठरा पूर्ण नाहीत."

झाले! आनंदात मिठाचा खडा टाकणारा म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. वडील म्हणाले, "मोठ्यांची पोरं गाड्या उडवतात, त्यांना कोण विचारतं? कायदा काय तो आमच्याच पोराला?"

त्यांचा प्रश्न खोटा नाही. म्हणूनच हे लिहायला बसलो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे मोटारीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवले. दोघेही गेले. मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि अट काय, तर अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा! लोक खवळले तेव्हा तो आदेश बदलला गेला. त्याच वर्षीच्या जुलैत आमच्या कल्याणात, भर शिवाजी चौकात, बीएमडब्ल्यूच्या बॉनेटवर एक तरुण ऐटीत आडवा झालेला आणि गाडी चालवणारा सतराचा मुलगा. अंगावर येणाऱ्या बसेस, रिक्षा, माणसे सगळी जणू त्यांच्याच करमणुकीसाठी. पोलिसांनी मुलाच्या वडिलांवरही गुन्हा दाखल केला.

कचेरीत आपल्याला 'सवलतवाले' म्हणून टोमणे ऐकावे लागतात. मी कारकून आहे, बी. कॉम. होऊन स्पर्धा परीक्षेला बसलो, तरी अजून ऐकतो. पण खरी सवलत कशाला म्हणायचे? आपली चूक आणि भरपाई दुसऱ्याच्या अंगाने, याला सवलत म्हणतात. ती कुठल्या दाखल्यावर लिहिलेली नसते, म्हणून ज्याच्याजवळ असते त्याला ती दिसत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यात ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे दर दहांतली सहाहून अधिक माणसे अशी, की जिच्या अंगाभोवती पत्रा नव्हता. शिळफाट्याला, तीन हात नाक्याला किंवा घोडबंदर रोडवर सकाळी उभे राहा. ही माणसे कोण आहेत ते ओळखायला आकडे लागणार नाहीत.

मग 'त्यांच्या पोरांना चालते तर आमच्याही पोरांना चालू द्या' असे म्हणायचे का? इथे मला चाळीसगाव आठवते.

ऑक्टोबर १९२९. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीचे सभासद होते. खानदेशातल्या एका गावच्या बहिष्काराची चौकशी करून मुंबईला परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी आग्रह केला, म्हणून ते तिथे उतरले. महारवाडा स्टेशनपासून दोन मैल लांब. तासभर वाट पाहिल्यावर टांगा आला. निघून दोनशे पावले होतात न होतात तोच मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीच्या पुलावर चाक कडेच्या दगडाला अडकले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा खाली नदीत. त्यांची शुद्ध गेली, पाय मोडला.

नंतर उलगडा झाला. टांगेवाले बाबासाहेबांना बसवून नेण्यात कमीपणा मानत होते. पाहुण्याने पायी यावे हे आपल्या लोकांना सहन होईना. शेवटी एक टांगेवाला टांगा भाड्याने द्यायला तयार झाला, पण हाकायला नाही. तेव्हा आपल्यापैकीच एकाने लगाम धरला. त्याला टांगा हाकायचा सराव नव्हता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच लेखनात १९०१ सालचा मसूर स्टेशनचा प्रसंगही आहे. तिथेही गाडीवाल्याने दुप्पट भाडे घेतले आणि बैलगाडी मात्र त्या लहान भावंडांनाच हाकायला लावली.

टांगेवाल्याचा माज आपण सगळे ओळखतो, त्यावर भाषणे ठोकतो. मला मात्र दुसऱ्या माणसाचा विचार अधिक पडतो, ज्याने लगाम धरला त्याचा. त्याच्या मनात बाबासाहेबांविषयी प्रेमच होते. पण प्रेम असले म्हणून घोडा आवरता येत नाही. आणि त्या बिचाऱ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे आहे. आज शिकायला ड्रायव्हिंग स्कूल आहे, आरटीओत परवाना मिळतो, आपण कुठल्या जातीचे हे तिथे विचारत नाहीत. तरीही आपण कच्च्या हातात चावी देतो, तेही लाडाने.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, नाहीतर उपदेश सोपा असतो. चार वर्षांपूर्वी मी सेकंडहँड स्कूटर घेतली. एका पहाटे काटेमानिवलीकडून स्टेशनला निघालो होतो, लोकल चुकायच्या बेतात होती. पुढे एक म्हातारी झाडूवाली रस्ता झाडत होती. मी वेग कमी न करता हॉर्न दाबून धरला. ती दचकून बाजूच्या गटाराच्या कडेला गेली, तोल सावरला आणि हात जोडून म्हणाली, "चुकलं साहेब." चूक माझी, माफी तिची! जन्मात मला कोणी रस्त्यात साहेब म्हटले नव्हते. माझे वडील मोहन्याच्या कारखान्यात सायकलने जायचे आणि पावसाळ्यात मोटारींनी उडवलेला चिखल खाकी शर्टावर घेऊन परत यायचे. शिव्या द्यायचे, आम्ही हसायचो. त्या दिवशी लोकल मिळाली, पण ठाण्यापर्यंत मी कोणाशी बोललो नाही.

आपल्या जयंतीच्या मोटारसायकल रॅलीविषयीही एकदा बोलायलाच हवे. एका गाडीवर तिघे, डोक्यावर हेल्मेट नाही, सायलेन्सर काढलेला. रुग्णवाहिका अडली तर 'आज आमचा दिवस आहे' हे उत्तर. वर्षभर दुसऱ्याच्या वरातींना नावे ठेवायची आणि एक दिवस आपण तेच करायचे? काही मंडळांनी हे बंद केले आहे, त्यांचे कौतुक.

कायदा थोडक्यात सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ड्रायव्हर किंवा डिलिव्हरी ही ज्या घरातल्या पोराची उद्याची रोजी आहे, त्या घरी याचा हिशेब मांडून बघा. बड्यांना वकील परवडतो.

आणि एक उपयोगाची गोष्ट. धडक देऊन गाडी पळाली आणि सापडली नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत वा तहसीलदार कचेरीत करायचा. आपल्या वस्त्यांत हे फार थोड्यांना ठाऊक आहे. विहारात फलकावर लिहून लावावे.

परवा जिन्यात त्या वहिनी भेटल्या. चावी आता त्यांच्या डब्याच्या पिशवीत असते, त्या ती कामावर बरोबर नेतात. पोरगा दोन दिवस घरात बोलला नाही म्हणे. माझ्याशी मात्र तो काल बोलला. रविवार होता, गाडी फडक्याने पुसत होता. "काका, अठरा व्हायला अजून एक वर्ष सात महिने आहेत," म्हणाला, आणि आरसा पुसू लागला.