सात वर्षांपुढची एअरबॅग

स्टिअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या पॅडखाली, धातूची एक डबी असते. तिला इन्फ्लेटर म्हणतात. टक्कर झाली की आतले रसायन पेटते, वायू सुटतो आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. जपानच्या टकाटा कंपनीने या डबीत अमोनियम नायट्रेट वापरले, आणि असंख्य डब्यांत ओल शोषून घेणारा पदार्थ घातलाच नाही. दमट हवा आणि तापमानाचे चढउतार वर्षानुवर्षे सोसून हे रसायन बिघडते. मग ते ठरल्यापेक्षा झपाट्याने जळते, डबी फुटते आणि तिचे तुकडे पिशवी फाडून चालकाच्या गळ्यात, चेहऱ्यात घुसतात. एकट्या अमेरिकेत असे २८ मृत्यू झाले, किमान ४०० जण जखमी झाले आणि सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत मागवावे लागले. कंपनीने चाचण्यांचे आकडे फिरवले होते. २०१७ मध्ये तिने अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी दिवाळखोरीही जाहीर केली.

हा दोष नव्या गाडीत सहसा दिसत नाही. तो वयाबरोबर वाढतो. परत मागवण्याची व्यवस्था मात्र वयाबरोबर ढिली पडते. पत्र जाते ते कंपनीच्या दप्तरी नोंदलेल्या मालकाला. गाडी दोनदा विकली गेली, मालकाचा पत्ता बदलला, दुरुस्ती कोपऱ्यावरच्या गॅरेजात होऊ लागली की पत्राचा धागा तुटतो. आपला कायदाही इथेच हात आखडतो. १ एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला सदोष गाड्या परत मागवायला भाग पाडू शकते, पण सात वर्षांच्या आतल्याच. दहा-बारा वर्षांनी घातक होणाऱ्या वस्तूला सात वर्षांची मर्यादा कोणत्या हिशेबाने लावली? चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्या पहिल्या गाड्यांची सात वर्षे जुलै २०२६ मध्ये भरतात. त्यांत टकाटाचाच दोष असेल असे नव्हे. पण उद्या दुसरा एखादा निघाला, तर जबाबदारी कंपनीच्या मर्जीवर उरेल.

यावर सांगितले जाते की कंपन्या स्वतःहून गाड्या परत मागवतातच. खरे आहे. होंडाने जानेवारी २०१८ मध्ये भारतात २०१३ साली बनलेल्या २२,८३४ गाड्या याच कारणासाठी मागवल्या. पण मागवलेल्यांपैकी किती आल्या, हा प्रश्न घोषणेने सुटत नाही. दुसरा आक्षेप शक्यतेचा: बहुतेक सदोष डब्या कधीच फुटत नाहीत. तेही खरे, पण सगळ्यांची शक्यता सारखी नसते. २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अॅक्युरा गाड्यांतल्या इन्फ्लेटरबद्दल अमेरिकी वाहतूक सुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये सांगितले की एअरबॅग उघडलीच तर ते फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत आहे. डब्या बदलताना त्या यंत्रणेने फ्लोरिडासारखे उष्ण, दमट प्रदेश आधी घेतले. अमेरिकेबाहेरचा पहिला मृत्यू मलेशियातला, २०१४ चा, आणि गाडी होंडा सिटी. मुंबई, कोकण आणि गोव्याची हवा त्याच जातीची आहे. म्हणून घाबरून एअरबॅगची वायर काढून टाकणे हा उपाय नव्हे. निर्दोष एअरबॅग जीव वाचवते, हे या सगळ्या प्रकरणाने खोटे ठरत नाही.

मालकाचे काम छोटे आहे. आरसीवरचा १७ अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्यायचा आणि रिकॉल बाकी आहे का, हे विचारायचे. असेल तर बदल फुकट होतो. बॅटरीची तार सोडून, थोडे थांबून इन्फ्लेटर बदलतात. ‘मागे एकदा बदललाय’ या उत्तरावर थांबू नये, कारण अमेरिकेत काही गाड्यांना आधी त्याच जातीचे नवे इन्फ्लेटर तात्पुरते बसवले आणि नंतर पुन्हा बदलावे लागले. अपघातात एअरबॅग उघडून गेलेली गाडी घेताना तर दुप्पट सावध असावे: तिथे भंगारातली एअरबॅग बसवली असेल, तर चॅसिस नंबर तिच्याबद्दल काहीच सांगत नाही. ही राखण एकट्या मालकावर टाकणे मला मान्य नाही. गाडी नावावर करताना आरटीओ विम्याचा आणि पीयूसीचा कागद मागते. बाकी रिकॉलची तपासणी त्याच खिडकीवर सक्तीची करता येईल, आणि तिला सात वर्षांची अट लागायचे कारण नाही.