भोक मोठे होते की लहान?

धातूच्या जाड पत्र्याला मधोमध एक गोल भोक आहे. पत्रा तापवला, तर भोक मोठे होईल की लहान?

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न मी दर वर्षी अकरावीच्या वर्गात विचारतो आणि दर वर्षी निम्म्याहून अधिक हात ‘लहान’ या बाजूने वर होतात. कारणही तयार असते: धातू चहूबाजूंनी प्रसरण पावतो, तेव्हा तो भोकातही सरकणारच! शाळेतल्या गोळा-कड्याच्या प्रयोगात आपण गोळा तापवतो आणि तो कड्यातून जाईनासा झाला की वहीत निष्कर्ष लिहून मोकळे होतो. कडे तापवून पाहण्याचे सहसा कोणी मनावर घेत नाही. मलाही ते नीट कळले ते एका जुन्या मोटारसायकलीच्या गिअरबॉक्सपाशी, आणि तेही एक नवे बेअरिंग वाया घालवल्यावर.

आमच्या घरी वडिलांची १९७४ सालची बुलेट आहे. मद्रासला या गाड्या १९५५ पासून तयार होऊ लागल्या. लष्करी छावणीमुळे नगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगरच्या) रस्त्यांना त्यांचा आवाज चांगला परिचयाचा. गिअर चार, आणि तेही उजव्या पायाने बदलायचे. याच नगरात १९७२ पासून तयार होणाऱ्या लुनाला गिअर बदलण्याची भानगडच नव्हती, हा भाग वेगळा! गेल्या वर्षी बुलेटच्या गिअरबॉक्समधून जात्यासारखी घरघर ऐकू येऊ लागली. पेटी उघडली, तर दंतचक्रे ठीक होती. बेअरिंगे मात्र झिजली होती.

बेअरिंग, म्हणजे परिभाषेतला ‘धारवा’, तुम्ही पाहिला असेलच. पोलादाची दोन कडी आणि त्यांच्या खोबणीत फिरणारे छर्रे. त्याच्या कडेवर एक आकडा कोरलेला असतो. उदाहरणादाखल ६२०५ घेऊ. शेवटच्या ०५ ला ५ ने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, २५ मि.मी. ०४ पासून पुढच्या नेहमीच्या आकड्यांना हा नियम लागू पडतो. ६२०५ च्या बाहेरच्या कड्याचा व्यास ५२ मि.मी. असतो.

आता मौज पाहा. हे ५२ मि.मी.चे कडे ज्या ‘घरात’ बसवायचे, ते अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीतले भोक मुद्दाम दोन-तीन शतांश मि.मी. लहान ठेवलेले असते. आपल्या डोक्यावरचा केस साधारण सात शतांश जाड असतो, यावरून कल्पना करा. कडे घट्ट बसले नाही, तर ते घरात गरगर फिरू लागते आणि मऊ अ‍ॅल्युमिनियम खात सुटते.

लहान भोकात मोठे कडे घालायचे कसे? मी पाईपचा तुकडा घेतला, तो आतल्या कड्यावर टेकवला आणि हातोडी चालवली. अर्धा किलोची हातोडी सेकंदाला ४ मीटर वेगाने येऊन एक सहस्रांश सेकंदात थांबली, तर बल भरते २,००० न्यूटन. आतल्या कड्यावर बसलेला ठोका बाहेरच्या कड्याकडे जातो तो छर्‍यांमधूनच. माझ्या बेअरिंगात ते नऊ होते. गोल छर्रा खोबणीला टेकतो ती जागा टिंबाएवढी, म्हणून दाब प्रचंड. दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता काय होते याचे गणित हाइन्रिख हर्ट्‌झ यांनी १८८२ साली प्रसिद्ध केले. रेडिओलहरींमुळे आपण ज्यांना ओळखतो, तेच हे हर्ट्‌झ! माझ्या बेअरिंगच्या खोबणीत बारीक खळगे पडले. बोटाने फिरवले, तर प्रत्येक खळग्यापाशी ते खट्‌कन अडखळत होते.

आमच्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी ते बेअरिंग कानाशी धरून फिरवले आणि म्हणाले, “अहो सर, तुम्ही पोरांना हेच शिकवता ना? मग ठोकता कशाला? तापवा की! आमचे वडील बैलगाडीला धाव कशी चढवायचे?”

धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा किंचित लहान करतात आणि गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवतात. सुमारे १२० सें.मी. व्यासाच्या धावेचे तापमान ५०० अंशांनी वाढले, तर तिचा व्यास सात मि.मी.ने वाढतो. सांडशीने उचलून ती चाकावर टाकायची आणि लगेच पाणी ओतायचे. चर्र आवाज होतो, वाफ उसळते आणि आवळणाऱ्या धावेबरोबर पुठ्ठे, आरे, तुंबा सगळे एकजीव होते. धाव तरी दुसरे काय आहे? भोवती लोखंड असलेले एक मोठे भोकच. ते तापल्यावर लहान झाले असते, तर एकही बैलगाडी उभी राहिली नसती. पत्र्यावर भोकाच्या जागी नुसते वर्तुळ काढले आहे असे समजा. पत्रा तापला की वर्तुळही त्याच प्रमाणात वाढते. आतली चकती कापून काढली, म्हणून वर्तुळाचा परीघ लहान होण्याचे कारण नाही.

पेटी तापवायला ज्योत वापरायची नाही, असे मामांनी बजावले. एकाच जागी तापलेली पेटी वाकडी होते. आम्ही तेल धुऊन काढलेली पेटी मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात बुडवली. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. खोलीतले तापमान ३० अंश धरले, तर वाढ ६८ अंशांची. अ‍ॅल्युमिनियमचा प्रसरणांक ०.००००२३. तेव्हा ५२ मि.मी.चे भोक आठ शतांशांनी मोठे झाले. दुसरे नवे बेअरिंग तेलकट कागदात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवले होते. पिशवी आधी उघडली, तर त्यावर दव धरते आणि पुढे गंज. पोलादाचा प्रसरणांक ०.००००१२, म्हणून ४८ अंश उतरल्यावर ते तीन शतांशांनी आक्रसले. एकूण सवड अकरा शतांशांची, आणि अडचण होती अवघी दोन-तीनची! पेटी बाहेर काढून पुसली आणि बेअरिंग सरळ धरून सोडले. ते टप्‌कन तळाला बसले. अर्ध्या मिनिटाने ते हलता हलेना.

(घरी करून पाहायचे असेल, तर एकात एक अडकलेले दोन स्टीलचे पेले घ्या. आतल्या पेल्यात बर्फाचे पाणी भरा आणि बाहेरचा गरम पाण्यात धरा. मोठे माणूस जवळ असू द्या.)

पण ज्या गुणाने बेअरिंग बसले, तोच गुण ते सैलही करतो. गाडी पळते तेव्हा गिअरबॉक्स तापतो. पेटी आणि बेअरिंग दोन्ही ९० अंशांपर्यंत गेली, तर अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त पसरते. प्रसरणांकांतला फरक ०.००००११, वाढ ६० अंशांची, व्यास ५२ मि.मी. गुणाकार करा. उत्तर सुमारे तीन शतांश! म्हणजे थंडीत असलेला घट्टपणा जवळपास सगळाच संपतो.

आमच्या पेटीतल्या दुसऱ्या घराची गत त्याहून वाईट होती. तेथे बेअरिंग थंड असतानाच अंगठ्याने आत जात होते. अशा वेळी काही कारागीर घराच्या भिंतीवर पंचाने टोचे मारतात. कडेला उंचवटे येतात आणि बेअरिंग तात्पुरते घट्ट वाटते. मला हा उपाय पटत नाही. भार साऱ्या भिंतीवर न पसरता त्या थोड्या टोकांवर येतो, आणि मऊ टोके लवकरच चेपतात. मग आम्ही औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवर घर मोठे करून त्यात धातूचे कडे बसवून घेतले, तेही तापवूनच, आणि त्याचे भोक योग्य मापाला कातले. बेअरिंगच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च आला. वडिलांनी हिशेब विचारला नाही, मीही सांगितला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत करंजी घाट चढून वर थांबलो आणि पेटीला बोट लावले. चटका बसला. घरघर नव्हती. तिसऱ्या गिअरमध्ये थोडी कुरकुर आहे, पण मामा म्हणतात, ती दंतचक्राची.